गुरुजींचं बदक

माझे सासरे आयुष्यभर विज्ञान शिकवत आले आणि आमच्या गावानं आयुष्यभर त्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेणं वेगळं आणि मानणं वेगळं, हे मला लग्न करून या गावात आल्यावर कळलं.

गाव सानगडीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. गावाच्या उशाला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. दिवाळी आटोपली की तलावावर परदेशी पाखरं उतरतात. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. पुस्तकात त्यांना पट्टकदंब म्हणतात. गावात बदक म्हणतात, कारण पाण्यात पोहणाऱ्या कुठल्याही पाखराला गाव बदकच म्हणतं. होळीच्या सुमारास ही पाखरं जातात. कुठं जातात, यावर गावात तीन मतं होती. एक, ती कारध्याला वैनगंगेवर जातात, कारण तिथं उन्हाळ्यातही पाणी असतं. दोन, ती तलावाच्या गाळात शिरून झोपतात. तीन, ती काशीला जातात. हे तिसरं मत बायकांचं होतं आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

मामाजींचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मत चौथं. ते म्हणत, ही पाखरं हिमालय ओलांडून मंगोलियाला जातात.

"गुरुजी," लोक म्हणत, "आमच्या पोराले नागपुरात नोकरी भेटत नाई, अन् ही बदकं मंगोलियातून येऊन आमच्या बांधीतला धान खाऊन राहिली?"

मामाजी चिडत नसत. उलट खुलत. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनीही पूर्वी हेच लिहून ठेवलंय, असं ते सांगत. पाकोळ्या हिवाळाभर तळ्याच्या गाळात झोपतात, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं तर पाखरं चंद्रावर जातात असं लिहिलं. मग एकदा एक करकोचा मानेत भाला घुसलेल्या अवस्थेत परत आला, आणि तो भाला निघाला आफ्रिकेतला. तेव्हा कुठं लोकांचे डोळे उघडले. पुढं एका माणसानं पाखरांच्या पायात धातूची कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर पत्ता. पाखरू जिथं सापडेल तिथून निरोप येणार. "तो माणूस कोण होता?" मामाजी विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "प्रोफेसर नाई, शास्त्रज्ञ नाई. शाळेतला मास्तर होता." मास्तर हा शब्द ते असा उच्चारत, जणू तो माणूस त्यांच्याबरोबर डी.एड.ला होता.

एकूण काय, तर आमचं गाव आणि जुना युरोप एकाच बाकावर बसले होते. युरोप पुढच्या वर्गात गेला, गाव तिथंच राहिलं. मामाजींना गावाला पास करायचं होतं. पंचाहत्तरी उलटली, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, तरी रोज सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून ते तलावाच्या पाळीवर जात. कडं किंवा पट्टा असलेलं एक पाखरू एकदा दिसावं, त्याचा निरोप यावा आणि तो गावासमोर वाचावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ही इच्छा त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण ज्या घरात सून असते त्या घरात न बोललेलंही कळतं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, या प्रकाराचा कंटाळा होता. "रिकामा न्हावी अन् भिंतीले तुंबड्या लावी," असं त्या मामाजींच्या तोंडावर म्हणत. त्या खोटं बोलत नसत आणि खरं बोलताना समोरच्याचा विचार करत नसत. एकदा लग्नात वरमाईनं विचारलं, वडे कसे झालेत, तर यांनी सांगितलं. अजून ते घर आमच्याकडं पाणी पीत नाही. गावात भांडण लागलं की साक्षीला आत्याबाईंना बोलावत, कारण त्या नवऱ्याचीदेखील बाजू घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तर या वर्षी जानेवारीत मामाजी सकाळी सकाळी माझ्या दुकानात आले. मी गावात झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान चालवते. शटर पुरतं उघडलेलंही नव्हतं. ते वाकून आत शिरले आणि खुर्चीवर बसून राहिले.

"काय झालं मामाजी? बीपी?"

"पट्टा हाय," ते म्हणाले. "गळ्यात. पिवळा."

मंगोलियात शास्त्रज्ञ या हंसांच्या गळ्यात प्लास्टिकचे पट्टे घालतात, हे मी त्यांच्याकडूनच शंभरदा ऐकलं होतं. एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे. दुर्बिणीतून वाचता यावेत एवढे मोठे. मामाजींनी ते वाचले होते. डाव्या पायात धातूचं कडंही होतं. मी इंटरनेटवर पत्ता शोधला आणि अशी माहिती जिथं कळवतात तिथं मामाजींच्या नावानं ईमेल धाडला. मग ते रोज येऊन विचारू लागले, "आलं का?" मी रोज सांगे, नाही. गावात मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. "पुराव्याबिगर बोलाचं नाई," म्हणाले. "आतापर्यंत बिनापुराव्याचं बोलत होतो, म्हून तर हासतेत."

फाल्गुन लागला आणि पाखरं रोज थोडी थोडी कमी होऊ लागली. अशातच एका सकाळी एका ढिवराच्या जाळ्यात ते पट्टेवालं पाखरू अडकलं.

दुसऱ्या कुठल्या गावी त्याचा रस्सा झाला असता. पण आमचं गाव इमानदार. आमच्याकडं प्रत्येक घराच्या कोंबड्या-बदकांना खूण असते. कुणाची लाल चिंधी, कुणाची फुटकी बांगडी. खूण असलेलं दुसऱ्याचं जनावर कापणं म्हणजे चोरी. या बदकाच्या गळ्यात तर चांगला प्लास्टिकचा पट्टा. ढिवर म्हणाला, हे कोनाचं तरी पोसलेलं हाय. त्यानं ते उचललं आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिलं. ग्रामपंचायतीनं मोकाट जनावराचं जे करतात तेच केलं. हिमालय ओलांडून आलेला तो पक्षी कोंडवाड्यात टाकला.

मामाजी आणि मी पोचलो तेव्हा कोंडवाड्याच्या पत्र्याच्या खोलीत एक गोऱ्हा, दोन शेळ्या आणि तो हंस होता. शेळ्या त्याच्याकडं पाहत होत्या, तो कुणाकडंच पाहत नव्हता. गळ्यात चपराशाचा दुपट्टा बांधलेला. पाहुण्याचा सत्कार केल्यासारखा.

"दुपट्टा काहून बांधला?" मी विचारलं.

"पट्ट्यावरची खूण दिसू नाई म्हून," सरपंच म्हणाला. तो मामाजींचाच विद्यार्थी. "जो मालक म्हून येईन, त्यानं खूण सांगाची अन् जनावर नेवाचं. मागच्यासारखं नाई पायजे."

मागचं प्रकरण असं, की आमच्या कोंडवाड्यातली एक म्हैस एकदा चुकीच्या माणसाच्या स्वाधीन झाली होती. त्यापायी दोन मोहल्ले एकमेकांच्या लग्नाला जाईनासे झाले. तेव्हापासून नियम पक्का आहे. मालक आला पाहिजे, त्यानं खूण सांगितली पाहिजे, नाहीतर देवाचा नंदी असला तरी सुटणार नाही.

मग मामाजी बोलले. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बोलले. करकोच्याचा भाला आला, मास्तरानं घातलेली कडी आली, हिमालय आला. सरपंच हात बांधून ऐकत होता, जसा सातवीत ऐकत असेल. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हंजे गुरुजी, हा पट्टा मंगोलियातल्या मानसानं बांधला?"

"हो."

"मंग मालक तो झाला. त्याले येऊ द्या. नाईतर त्याची चिठ्ठी आना."

यावर काय बोलणार? मी बोलले. जरा जास्तच बोलले. मूर्ख हा शब्दही गेला तोंडातून. सरपंच शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमी शिकलेल्या हा. पन नियम तं नियम." मी वनखात्याच्या माणसाला फोन लावला. त्याच्या हद्दीत वाघानं कालवड मारली होती, तो तिकडं अडकला होता. "दोन-तीन रोजात येतो मॅडम," म्हणाला. "पाखरू कुठं पळून जाते?" त्याला कसं सांगावं, की पळून जाता येत नाही हीच तर अडचण आहे.

तोवर सरपंचानं सानगडीच्या बाजारात भोंग्यावरून पुकारा करून टाकला होता. ज्या कोणाचं गळपट्ट्याचं बदक हरवलं असेल त्यानं खूण सांगून घेऊन जावं. दुसऱ्या दिवसापासून मालक येऊ लागले. पहिला म्हणाला, माझ्या बदकाच्या पट्ट्यावर ॐ आहे. दुसरा म्हणाला, कमळ. एक बाई थेट कोंढ्याहून एसटीनं आली. तिचं बदक मागच्या वर्षी हरवलं होतं. तिनं खिडकीतून बराच वेळ पाहिलं, "हे नव्हे बाप्पा, माहं हासरं होतं," म्हणाली आणि निघून गेली. त्या सगळ्या घोळक्यात मला ती एकच बाई आवडली.

पाखरू काही खात नव्हतं. बायकांनी कोंडा दिला, भिजवलेले तांदूळ दिले. ते सगळं शेळ्यांनी खाल्लं. तिसऱ्या दिवशी मामाजी पाळीवरून परत आले आणि दुर्बीण न काढताच ओसरीवर बसले. "अकराच उरलेत," म्हणाले. "आज-उद्या तेही जातीन. मंग हे एकटं रस्ता कसा शोधीन?"

संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले. "पोरी, मी म्हनतो माहं हाय ते."

"काय तुमचं हाय?"

"बदक."

मी त्यांना समजावलं. मामाजी, रानपाखरू पाळणं गुन्हा आहे. ते म्हणाले, म्हणून तर बदक म्हणतो. मी म्हटलं, परवा तुम्ही सरपंचासमोर मंगोलिया सांगून आलात. आता माझंच आहे म्हणालात तर लोक काय समजतील? ते म्हणाले, "समजू दे." मी म्हटलं, ईमेलचं उत्तर येऊ द्या, दोन दिवस थांबा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी एखादं सोपं गणित चुकवलं होतं. "उत्तर मले पायजे, त्या पाखराले नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवाड्यासमोर निम्मा गाव होता. मामाजींनी खूण सांगितली. पट्टा पिवळा. अक्षर सांगितलं, आकडे सांगितले. डाव्या पायात कडं, तेही सांगितलं. चपराशानं दुपट्टा सोडून पाहिलं आणि मान हलवली. सगळं बरोबर होतं.

सरपंचाचा चेहरा उतरला. "मंग परवा मंगोलिया म्हनत होते ते?"

"पट्टा मीच बांधला," मामाजी म्हणाले. आवाज वर्गातला होता, खणखणीत. "तुमाले पटत नव्हतं. म्हून पाळलेल्या बदकाले पट्टा बांधून तलावात सोडलं. बाहेरून आलेलं पाखरू म्हून दाखवनार होतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हे इतक्या वर्षांचे गुरुजी. कधी कुणाचा एक मार्क फुकट वाढवला नाही की कुणाची हजेरी खोटी लावली नाही. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "म्हंजे सगळंच असं सांगत होते काय जी?" मला तेव्हा रडू आलं. आणि रागही आला. गावाचा, सरपंचाचा आणि त्या शास्त्रज्ञांचाही. पट्टा बांधायला वेळ आहे, ईमेलला उत्तर द्यायला नाही.

पण सरपंच मामाजींचाच विद्यार्थी. शंका विचारायची सवय त्यांनीच लावलेली. "हे अक्षर कायचं जी गुरुजी? तुमचं तं नाई."

मामाजींनी याचा विचार केला नव्हता. ते अक्षर मी इथं लिहीत नाही. आमच्या तालुक्यातही वाचणारे लोक आहेत. मामाजी अडखळले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलणाऱ्याला दुसरं खोटं लगेच सुचत नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, गर्दीत मागं उभ्या असलेल्या आत्याबाई दिसल्या आणि ते म्हणाले, "हिच्या नावाचं."

"काकूचं नाव तं त्या अक्षराचं नाई," सरपंच म्हणाला.

आता सगळे आत्याबाईंकडं वळले. नवऱ्याचीही बाजू न घेणारी बाई. आमच्या घरात बदक सोडा, बदकाचं पीसही कधी नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी डोळे मिटून घेतले. वड्यांचं काय झालं ते मला आठवत होतं.

"माहेरच्या नावाचं अक्षर हाय ते," आत्याबाई म्हणाल्या. "लग्नात नाव बदललं माहं. तुले काय माईत, तू तवा जन्मला तरी होता काय?"

"अन् बदक?"

"होतं. मांगच्या सांदीत ठेवे हा मानूस. माह्या तुळशीत घान करे रोज. डोक्शाले ताप होता." मग त्या मामाजींकडं वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता उचला ते अन् न्या. लोकाले कामं हायेत."

यानंतर मात्र लोक हसले. या वयात बायकोच्या माहेरच्या नावाचं अक्षर बदकाच्या गळ्यात बांधतो म्हणजे काय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत्याबाई कान तांबडे करून घराकडं चालत्या झाल्या. त्यांचं माहेरचं नाव खरंच त्या अक्षराचं होतं का, हे मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "तुले काय कराचं?"

मामाजींनी पाखरू दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ते फडफडलं, त्यांच्या हाताला चावलं, सदऱ्यावर घाण केली. घर डावीकडं होतं, मामाजी उजवीकडं वळले. लोकांना वाटलं, धुवायला नेतात. सगळे मागोमाग तलावाच्या पाळीवर आले. पलीकडच्या काठाला तेवढे अकरा हंस माना वर करून बसले होते. मामाजींनी पाण्याच्या कडेला वाकून हात सोडले.

आधी ते नुसतं पोहत गेलं. मग पाण्यावर धावायला लागलं, पंख आपटत. मग पाय पाण्यावरून सुटले. पलीकडचे अकराही ओरडत उठले.

"गुरुजी, बदक चाललं तुमचं," सरपंच धावत आला. "आवाज द्या ना जी."

मामाजी हात मागं बांधून वर पाहत होते. दुर्बीण गळ्यातच राहिली. पाखरं तलावावरून एक फेरी मारून उत्तरेला वळली आणि जंगलावर गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही मामाजी तसेच उभे होते. मी जवळ गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा इतका आनंदी मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. लोकांनी फक्त पाणी पाहिलं.

मग चालू झाला सांत्वनाचा कार्यक्रम. पोसलेलं जनावर डोळ्यांदेखत गेलं म्हणून दोन दिवस घरी माणसं येत होती. ढिवरानं मासे आणून दिले. सरपंच आपल्या घरचं बदकाचं पिल्लू घेऊन आला, "याले तरी बांधून ठेवा," म्हणाला. वनखात्याचा माणूस अखेर आला. ते गुरुजींचं पाळीव बदक होतं असं कळल्यावर तो "सुटलो" म्हणाला, चहा घेतला आणि वाघाकडं परत गेला. गावानं मामाजींना फसवणुकीबद्दल माफही केलं. म्हातारपणी होतं असं, म्हणाले. ही माफी मला सगळ्यात झोंबली. रस्त्यानं जाताना लोक आता प्रेमानं विचारतात, "का गुरुजी, मंगोलियाचं काई?" आणि मामाजी हसतात.

होळी झाल्यावर ईमेल आला. मी दुकान उघडं टाकून घरी पळत गेले आणि त्यांना बोलावून आणलं. इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. तो पट्टा दोन उन्हाळ्यांपूर्वी मंगोलियातल्या एका सरोवरावर बांधला होता. त्यानंतर ते पाखरू कुठं गेलं, याचा पत्ता लागत नव्हता. तुमच्याकडून आलेली ही पहिलीच खबर. खाली मामाजींचं पूर्ण नाव लिहून आभार मानले होते. मामाजींनी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मंगोलिया हा शब्द आला तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"याची प्रिंट काढते," मी म्हटलं. "पंचायतीच्या फळ्यावर लावते, गावच्या ग्रुपवर टाकते. सरपंचाच्या हातात नेऊन देते चिठ्ठी. मागत होता ना?"

"नको."

"काहून नको? मामाजी, अख्खा जन्म घालवला तुम्ही यासाठी. गाव तुम्हाला लबाड समजून राहिलंय."

"तुह्या आत्याबाईनं भर गावात साक्ष देली," ते म्हणाले. "हा कागद लागला की ती खोटी पडते. तिले आजवर कोनी खोटी नाई म्हटलं."

मी काही बोलणार होते, पण त्यांनी हात वर केला.

"मंगोलियाले माईत हाय ना," ते म्हणाले. "मंग झालं तं."

मी प्रिंटर बंद केला.